अभिजात भौतिकी : भविष्य ठरलेले असणे आणि भूतकाळ परत मिळणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

क्षितिजरेषा (धागाकर्ती)

पिएर-सिमाँ लाप्लासने १८१४ साली संभाव्यतेवरील आपल्या निबंधात एका अफाट बुद्धीची कल्पना मांडली. निसर्गातील सर्व बले आणि सर्व वस्तूंची त्या क्षणीची स्थिती जिला ठाऊक आहे, आणि ही सगळी माहिती गणितात घालण्याची जिची कुवत आहे, अशा बुद्धीला भविष्य आणि भूतकाळ सारखेच डोळ्यांसमोर दिसतील, असे त्याचे म्हणणे होते. या विधानातले भविष्य सगळ्यांच्या लक्षात राहते. भूतकाळ मात्र त्याच्यासोबत आपोआप येतो असे गृहीत धरले जाते. तो आपोआप येत नाही, आणि तो नेमका कशामुळे येतो यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

अभिजात (क्वांटमपूर्व) भौतिकीबद्दल बोलताना आपण तीन निरनिराळे गुणधर्म एका दमात उच्चारतो. पहिला नियतता, म्हणजे आजच्या अवस्थेतून पुढे जाणारी वाट एकच असणे. दुसरा व्युत्क्रमिता, म्हणजे आजच्या अवस्थेपर्यंत येऊन पोहोचणारी वाट एकच असणे. तिसरा कालसममिती, म्हणजे सर्व वेग उलटे केले असता तीच वाट त्याच नियमाने मागे चालता येणे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमात बल हे त्वरण ठरवते, वेग नव्हे. म्हणून 'अवस्था' या शब्दात स्थान आणि वेग दोन्ही येतात, हे इथे गृहीत धरले आहे.

हे तिन्ही गुणधर्म एकमेकांपासून सुटे करता येतात. 'पूर्णांक घ्या, त्याची निम्मी करा आणि अपूर्णांक उरल्यास तो टाकून द्या' हा नियम पूर्णपणे नियत आहे, पण हाती ३ आल्यावर आधी ६ होते की ७ होते हे कोणालाही सांगता येणार नाही. उलट, तीनच अवस्था असलेल्या व्यवस्थेत पहिलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी आणि तिसरीतून पुन्हा पहिली असा नियम असेल, तर पुढची आणि मागची दोन्ही उत्तरे पक्की मिळतात. मात्र मागे जाण्याचा नियम हा पुढे जाण्याच्या नियमाहून वेगळा असतो.

हाच फरक यांत्रिकीत घर्षणाच्या दोन प्रकारांत दिसतो. दाट द्रवातून संथपणे जाणाऱ्या वस्तूवरचा रोध वेगाच्या प्रमाणात असतो. समजा त्यामुळे वेग दर सेकंदाला निम्मा होतो. आत्ता वेग १ असेल तर एका सेकंदापूर्वी तो २ होता आणि त्याआधी ४ होता. भूतकाळ एकमेव आहे, जरी या हालचालीची उलटी चित्रफीत (आपोआप वेग घेणारी वस्तू) त्या नियमात बसत नसली तरी. कोरड्या घर्षणाची गोष्ट निराळी आहे. एक ठोकळा सेकंदाला २ मीटर वेगाने सोडला आणि घर्षणामुळे त्याचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत गेला, तर तो १ सेकंदात, १ मीटर अंतरावर थांबतो. तसाच दुसरा ठोकळा थांबण्याच्या जागेपासून २५ सेंटिमीटरवरून सेकंदाला १ मीटर वेगाने सोडला, तर तो अर्ध्या सेकंदात त्याच जागी थांबतो. दहा सेकंदांनी दोघांची अवस्था अक्षरशः एकच असते, आणि दोन इतिहासांपैकी कोणता खरा हे त्या अवस्थेत कुठेही नोंदलेले नसते.

माझा प्रश्न असा : असा विसर फक्त घर्षणासारख्या नियमांतच आढळतो, की अभिजात यांत्रिकीच्या गाभ्यातही त्याला जागा आहे?

काटकोन

मांडणी आवडली, पण घर्षणाची उदाहरणे इथे फार काही सिद्ध करत नाहीत. कोरडे घर्षण हा निसर्गाचा मूलभूत नियम नव्हे. असंख्य अणूंच्या हालचालींचा आपण सोयीसाठी मांडलेला तो ढोबळ हिशेब आहे. ठोकळा थांबतो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा दोन्ही पृष्ठभागांतील अणूंच्या कंपनांत जाते. १ मीटर घसरलेला ठोकळा आणि २५ सेंटिमीटर घसरलेला ठोकळा वरून सारखे दिसले, तरी पहिल्याने चौपट ऊर्जा सोडलेली असते आणि ती वेगळ्या जागांवर पसरलेली असते. 'अवस्था एकच आहे' हे विधान आपण अणूंची नोंद वहीतून काढून टाकली म्हणूनच खरे ठरते.

सगळ्या अणूंची स्थाने आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) धरले, तर व्यवस्थेची अवस्था म्हणजे प्रचंड मितींच्या अवकाशातील एक बिंदू होतो. जवळजवळच्या अवस्थांचा एखादा पुंजका घेऊन तो काळाबरोबर पुढे नेला, तर त्याचा आकार वेडावाकडा होईल, तो ताणला जाईल, त्याला असंख्य धागे फुटतील, पण त्याचे घनफळ तसूभरही बदलणार नाही. हा लिउव्हिलचा प्रमेय होय. त्याचा गणिती गाभा १८३८ सालचा आहे. पुंजका आकसतच नसेल, तर वेगवेगळे इतिहास सरसकट एकाच अवस्थेत येऊन मिसळण्याला वाव राहत नाही. म्हणून मूलभूत पातळीवर नियतता, व्युत्क्रमिता आणि कालसममिती एकत्र नांदतात असेच मी म्हणेन.

उंबरठा

एक शंका. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात वर्तुळाकार फिरतो. मध्येच त्याचा वेग उलटा केला, तर तो आल्या वाटेने परत न जाता वेगळ्याच वर्तुळावर जातो. इथे घर्षण नाही आणि ऊर्जाही कमी होत नाही. मग कालसममिती गेली कुठे?

काटकोन

चुंबकीय क्षेत्र आकाशातून पडत नाही. ते कुठल्यातरी वाहत्या विद्युतभारांमुळे निर्माण होते. सर्व वेग उलटे करायचे असतील, तर त्या भारांचेही करावे लागतात. तसे केले की क्षेत्राची दिशा उलटते आणि कण मुकाट्याने आपल्या जुन्या वर्तुळावरून मागे जातो. आपण अर्ध्याच व्यवस्थेला उलटे फिरवले होते. व्युत्क्रमिता मात्र दोन्ही प्रकारे अबाधितच होती. कणाचा भूतकाळ काढायला काहीच अडचण नव्हती.

अनुस्वार

काटकोन यांचा लिउव्हिलपर्यंतचा युक्तिवाद मान्य आहे, पण 'सरसकट' या शब्दात त्यांनी एक फट ठेवली आहे, आणि धाग्याचा खरा विषय त्या फटीतच आहे. एकटीदुकटी, शून्य घनफळाची अपवादात्मक अवस्था या प्रमेयाच्या जाळ्यात सापडत नाही.

तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी २००३ साली एका घुमटाचे उदाहरण दिले. घुमट घर्षणरहित आहे आणि त्याचा आकार असा निवडला आहे, की शिखरापासून पृष्ठभागावरून मोजलेले अंतर जितके, त्याच्या वर्गमुळाइतके त्वरण त्यावरील कणाला मिळते (एकके सोयीची घेतली आहेत). शिखरावर अंतर शून्य, म्हणून त्वरणही शून्य. तिथे स्थिर ठेवलेला कण कायमचा स्थिर राहील, हे न्यूटनच्या समीकरणाचे एक उत्तर झाले. पण तेच समीकरण, त्याच आरंभीच्या अटींसह, दुसरेही उत्तर मान्य करते : कण कोणत्याही मनमानी क्षणापर्यंत स्थिर राहतो आणि त्यानंतर त्याचे शिखरापासूनचे अंतर 'उलटलेल्या काळाचा चौथा घात भागिले १४४' या सूत्राने वाढत जाते. विश्वास बसत नसेल तर सहाव्या सेकंदाला पडताळून पाहा. ६ चा चौथा घात १२९६, भागिले १४४ म्हणजे अंतर ९. त्याच सूत्रातून वेग निघतो ६ आणि त्वरण ३. ९ चे वर्गमूळ ३. समीकरण तंतोतंत पाळले गेले आहे. कण कधी निघेल आणि कोणत्या दिशेला निघेल, याबद्दल नियम अवाक्षर काढत नाही.

आता ही चित्रफीत उलटी लावा. शिखरापासून ९ अंतरावरून कण ६ वेगाने शिखराच्या दिशेने ढकलला, तर तो बरोबर सहा सेकंदांत शिखरावर पोहोचतो आणि तिथेच थांबतो. त्यानंतर त्याच्याकडे पाहून तो कोणत्या बाजूने आला, केव्हा आला, की मुळात तो तिथेच होता, हे सांगता येत नाही. धागाकर्तीने कोरड्या घर्षणात दाखवलेला विसर तो हाच, पण इथे घर्षणाचा लवलेशही नाही.

माझ्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट घुमटापेक्षा मोठी आहे. नियम कालसममित असेल, तर एकत्र मिळणाऱ्या दोन वाटा उलट्या केल्या की त्या फुटणाऱ्या दोन वाटा होतात. म्हणजे अशा नियमात भूतकाळ एका ठिकाणी जरी हरवला, तरी भविष्यही त्याच ठिकाणी अनिश्चित होते. कोरड्या घर्षणाला विसरणे परवडते, कारण त्याने कालसममिती आधीच सोडलेली आहे. त्यामुळे नियतता आणि व्युत्क्रमिता या स्वभावतः वेगळ्याच गोष्टी आहेत; त्यांची गाठ बांधणारी गोष्ट कालसममिती आहे, आणि ती गाठ बसली की दोघी एकत्र तरतात किंवा एकत्र बुडतात.

दशमान

घुमटाच्या उदाहरणावर माझा नेहमीचा आक्षेप नोंदवतो. पहिल्या नियमानुसार, बल शून्य असताना स्थिर वस्तू स्थिरच राहिली पाहिजे. शिखरावर बल शून्य आहे. मग ती निघतेच कशी? समीकरणाची पळवाट शोधून त्याला भौतिकी म्हणणे मला पटत नाही.

अनुस्वार

निघण्याच्या नेमक्या क्षणी काय घडते ते पाहू. त्या क्षणी अंतर शून्य, वेग शून्य, त्वरण शून्य, आणि त्वरण बदलण्याचा दरही शून्य आहे. त्या दराचा दर मात्र शून्यावरून एकदम १/६ वर जातो. पहिला नियम बल आणि त्वरण यांच्याबद्दल बोलतो, आणि ज्या क्षणी बल शून्य आहे त्या प्रत्येक क्षणी त्वरणही शून्यच आहे. नियम कुठेही मोडलेला नाही. 'कण हलवायला काहीतरी कारण हवे' ही आपली अपेक्षा आहे. ती समीकरणात लिहिलेली नाही.

आकाराबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. या घुमटाच्या शिखरावर वक्रता अनंत होते, आणि अणूंनी बनलेला कोणताही पृष्ठभाग तसा असू शकत नाही. साध्या गोलाकार टेकडीवर हा चमत्कार घडत नाही. तिथे त्वरण अंतराच्याच प्रमाणात असते. अचूक वेगाने वर ढकललेला कण शिखराच्या जवळजवळ जात राहतो, पण सांत (मर्यादित) काळात कधीच पोहोचत नाही. पोहोचतच नाही, म्हणून इतिहास मिसळत नाहीत, आणि म्हणून उलट्या दिशेने वाट फुटतही नाही.

गणितज्ञ हा फरक लिपशिट्झच्या अटीने सांगतात : जवळच्या दोन अवस्थांतील बलांचा फरक त्या अवस्थांमधील अंतराच्या ठरावीक पटीत राहिला पाहिजे. ही अट पाळली, तर किमान काही काळापुरते उत्तर एकमेव असते. वर्गमूळ ही अट शून्यापाशी मोडते. तेव्हा नियततेची हमी न्यूटनच्या नियमात नाही, बलाच्या गुळगुळीतपणात आहे, आणि तो गुळगुळीतपणा आपण बाहेरून आणून घालतो.

क्षितिजरेषा (धागाकर्ती)

घुमट कृत्रिम वाटतो हे मान्य आहे. पण गुरुत्वाकर्षणापेक्षा साधे आणि अस्सल अभिजात बल दुसरे कोणते दाखवणार? फ्रेंच गणितज्ञ पाँलव्हे याने १८९५ च्या सुमारास एक प्रश्न उपस्थित केला होता : बिंदुवत वस्तूंची एकमेकींशी टक्कर न होताही समीकरणाचे उत्तर सांत काळात कोलमडू शकते का? तीन वस्तूंसाठी नाही, हे त्यानेच सिद्ध केले. पाच वस्तूंसाठी होय, हे चिनी-अमेरिकन गणितज्ञ झिहाँग शिया यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेत दाखवले. त्यांच्या रचनेत परस्परांभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या दोन जोड्या असतात आणि पाचवी हलकी वस्तू त्या जोड्यांमध्ये येरझारा घालते. दर फेरीत जोड्यांतील वस्तू एकमेकींच्या आणखी जवळ येतात, त्यातून ऊर्जा मोकळी होते, आणि फेऱ्यांचा काळ इतक्या झपाट्याने घटतो की सांत काळात अनंत फेऱ्या पूर्ण होऊन जोड्या अनंतात निघून जातात.

अनुस्वार यांची चित्रफीत इथेही उलटी लावता येते. नियम कालसममित आहे, म्हणून रिकाम्या अवकाशात, कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय, अनंतातून वस्तू येऊन दाखल होणे हेही त्याच समीकरणाचे वैध उत्तर आहे. आधीच्या क्षणी विश्वाची संपूर्ण यादी हाती असली, तरी त्या वस्तू त्या यादीत नसतात.

अर्थात, बिंदुवत वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या अनंत खोल विहिरीतून हवी तेवढी ऊर्जा उपसू शकतात म्हणून हे शक्य होते. वस्तूंना थोडासा आकार दिला तर त्या आदळतील आणि प्रकरण तिथेच मिटेल. पण मग आदळण्याचा नियम वेगळा सांगावा लागेल, आणि तो न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात नाही.

उंबरठा

मग हवामानाचा अंदाज चुकतो, केऑस वगैरे म्हणतात, ते याच अनियततेचे रूप आहे का?

दशमान

मुळीच नाही, आणि ही गल्लत फार जुनी आहे. केऑस असलेल्या व्यवस्थेत लिपशिट्झची अट व्यवस्थित पाळलेली असते. एका अवस्थेतून एकच वाट निघते. फक्त शेजारच्या अवस्थेची वाट तिच्यापासून झपाट्याने दूर जाते. जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये सूर्यमालेसाठी काढलेला हिशेब बोलका आहे : पृथ्वीच्या आजच्या स्थानात १५ मीटरची चूक असेल, तर १ कोटी वर्षांनी ती सुमारे १५० मीटर होते, पण १० कोटी वर्षांनी १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढी होते. लाप्लासच्या बुद्धीला याचा काहीच त्रास नाही, कारण तिच्या माहितीत १५ मीटरची चूक नसते. त्रास आपल्याला आहे. घुमटावर मात्र त्या बुद्धीचेही काही चालत नाही.

सहप्रवासी

व्युत्क्रमितेचा एक सुंदर प्रयोग इथे नोंदवावासा वाटतो. दोन समाक्ष दंडगोलांमधल्या जागेत ग्लिसरीनसारखा दाट द्रव भरतात आणि त्यात रंगाचा ठिपका सोडतात. आतला दंडगोल सावकाश काही फेरे फिरवला की रंग पसरून ओळखू येईनासा होतो. तितकेच फेरे उलटे फिरवले की ठिपका जवळजवळ जसाच्या तसा परत जमून येतो. सर जेफ्री टेलर यांनी १९६० च्या दशकात तो चित्रफितीवर दाखवला होता. नियम भूतकाळ विसरत नाहीत, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता असणार?

काटकोन

प्रयोग सुंदर आहे, पण तो या मुद्द्याचा पुरावा नाही. तिथे कोणीही रेणूंचे वेग उलटे केलेले नाहीत. दोन्ही वेळा दंडगोल बाहेरून फिरवावा लागतो, दोन्ही वेळा कार्य खर्ची पडते आणि दोन्ही वेळा द्रव तापतो. परतीच्या फेऱ्यांत ती उष्णता गोळा होऊन हात आपोआप फिरत नाही. ठिपका परत येतो याचे कारण वेगळे आहे. इतक्या संथ प्रवाहात जडत्व नगण्य असते, आणि द्रवाचा प्रत्येक भाग किती सरकेल हे फक्त दंडगोल किती फिरला यावर ठरते. ही भूमितीची व्युत्क्रमिता आहे, आणि ती चक्क घर्षणप्रधान व्यवस्थेत सापडते.

रेणूंचे वेग खरोखर उलटवण्याचा प्रश्न योहान लोश्मिट याने १८७६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्समनपुढे ठेवला होता. वायू समतोलाकडेच जातो असे दाखवणारे बोल्ट्समनचे प्रमेय १८७२ चे. लोश्मिटचा आक्षेप असा, की नियम कालसममित असतील तर समतोलाकडे नेणाऱ्या प्रत्येक हालचालीमागे समतोलापासून दूर नेणारी एक उलटी हालचाल असलीच पाहिजे. मग प्रमेयात एकच दिशा आली कुठून? ती आली एका गृहीतकातून : आदळणाऱ्या दोन रेणूंचे वेग टकरीपूर्वी परस्परांशी संबंधित नसतात. टकरीनंतर ते संबंधित होतात, आणि वेग उलटवले की तेच संबंध टकरीपूर्वीचे बनतात. १८७७ मध्ये बोल्ट्समनने उत्तर दिले की उलट्या हालचाली अशक्य नाहीत. पसरलेल्या अवस्थांच्या तुलनेत त्यांची संख्याच नगण्य आहे.

अनुस्वार

यावर संगणकाने थेट पाहता येते. ऑर्बन आणि बेलेमान्स यांनी १९६७ मध्ये सपाटीवर एकमेकींवर आदळणाऱ्या १०० कठीण चकत्यांचे अनुकरण केले आणि ५० किंवा १०० टकरींनंतर सर्व वेग उलटे केले. बोल्ट्समनच्या प्रमेयानुसार जी राशी कमी होत जायला हवी, ती चढत चढत मूळ किमतीच्या आसपास गेली आणि मग पुन्हा उतरू लागली. वेग उलटवताना मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक मिसळली, की परतीचा प्रवास अर्धवट राहिला. चूक वाढवली, तसा तो क्षीण होत गेला.

दशमान

पण संगणकातला नियम तरी व्युत्क्रमी आहे का? दशांशानंतरचे आकडे मर्यादित असतात. प्रत्येक पायरीवर अंकछाट होते, आणि अंकछाट म्हणजे अनेक संख्यांना एकाच संख्येत ढकलणे. विसर तर तिथेच घडतो. मग एंट्रॉपी (विस्कळीतपणाचे माप) वाढताना दिसली, तर ती नियमामुळे वाढली की अंकछाटीमुळे, हे कसे ठरवणार?

अनुस्वार

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९९३ मध्ये लव्हेक आणि व्हर्ले यांनी दिले. कणांची हालचाल पायरीपायरीने काढण्याच्या व्हर्लेच्या रीतीत पुढचे स्थान काढताना आत्ताच्या स्थानाची दुप्पट घेतात, त्यातून मागचे स्थान वजा करतात आणि आत्ताच्या स्थानावरून काढलेले बलाचे पद त्यात मिळवतात. त्यांनी सर्व स्थाने पूर्णांकांच्या जाळीवर बसवली आणि बलाचे पदही अंकछाट करून पूर्णांक केले. आता मागे जायचे असेल तर 'पुढचे' आणि 'मागचे' यांची अदलाबदल करायची, बस. बलाचे पद आत्ताच्या स्थानावरूनच निघते, म्हणून दोन्ही दिशांना तीच अंकछाट, तीच चूक आणि तोच पूर्णांक मिळतो. बेरीज-वजाबाकी पूर्णांकांची असल्यामुळे एकही अंक सांडत नाही. कितीही पायऱ्या पुढे जा, उलटे फिरा, आरंभीची अवस्था शेवटच्या अंकापर्यंत परत मिळते.

आणि तरीही अशा अनुकरणात विस्कळीत नसलेल्या अवस्थेतून सुरुवात केली तर वायू समतोलाकडेच जातो. कुठलीही माहिती पुसलेली नसताना जातो. त्यामुळे एंट्रॉपीच्या वाढीला नियमातल्या विसराची गरज नाही. आरंभीची अवस्था विशेष असणे आणि आपण स्थूल मापे घेणे एवढे पुरते.

यात एक गंमत आणखी आहे. वायूचे खोके सांत आणि जाळी पूर्णांकांची असेल, तर एकूण अवस्थाही सांतच आहेत, आणि व्युत्क्रमी नियमात दोन वाटा कधी मिसळत नाहीत. म्हणून प्रत्येक वाट फिरून स्वतःच्या आरंभबिंदूलाच येऊन मिळाली पाहिजे. अधल्यामधल्या अवस्थेला मिळायची तिला मुभा नाही. गणितज्ञ प्वांकारेने १८९० मध्ये सलग अवकाशासाठी याचेच रूप सिद्ध केले, मात्र तिथे अवस्था आरंभाच्या हवी तेवढी जवळ येते एवढेच म्हणता येते. गणितज्ञ झर्मेलोने १८९६ मध्ये तेच बोल्ट्समनविरुद्ध वापरले. बोल्ट्समनचा प्रतिवाद असा होता, की एवढ्याशा वायूसाठीही ती फेरी पुरी व्हायला लागणारा काळ कल्पनेपलीकडचा आहे.

दशमान

पटले. म्हणजे माझा अंकछाटीचा आक्षेप रीतीवर अवलंबून आहे. साध्या दशांश पद्धतीला तो लागू पडतो, पूर्णांकांच्या जाळीला पडत नाही. एक पुस्ती जोडतो : या जाळीवर घुमट बसवला तर शिखरावरचे बल शून्य, मागचे आणि आत्ताचे स्थान एकच, म्हणून पुढचेही तेच. कण तिथून कधीच निघत नाही. आणि खालून ढकललेला कण शिखरावर येऊन थांबतो असे कितीही प्रयत्न केले तरी घडवता येणार नाही, कारण लागोपाठच्या दोन पायऱ्यांत तो शिखरावर सापडला, तर उलट हिशेबाने तो आधीपासून तिथेच होता असे निघेल.